‘दुरुस्ती केली’ म्हणजे नेमके काय केले?

दुरुस्तीच्या पावतीवर बहुधा दोनच शब्द असतात, ‘दुरुस्ती केली’, आणि पुढे रक्कम. वस्तूत काय सापडले, काय जोडले, काय बदलले आणि काय नुसतेच पुसून परत बसवले, यातले काहीही त्या दोन शब्दांतून कळत नाही. वस्तू चालू लागते, ग्राहक समाधानी होतो. महिन्याभराने तीच कुरकुर पुन्हा सुरू झाली की मात्र बोलायला जागा उरत नाही, कारण आधी काय केले होते याची नोंदच नसते.

दुरुस्तीच्या हक्काबद्दल जगभर कायदे होत आहेत. त्यांची चर्चा सुटे भाग, हत्यारे आणि माहितीपुस्तिका यांच्याभोवती फिरते, आणि ते योग्यच आहे. पण या हक्काचा एक भाग शब्दांचा आहे आणि तो दुर्लक्षित राहतो. बिघाडाला नेमके नाव नसेल तर उपाय नेमका मागता येत नाही, आणि जो मागता येत नाही तो तपासताही येत नाही. अशा वेळी दुकानदाराला सर्वांत सोयीचे उत्तर असते ते म्हणजे ‘अख्खा भाग बदला’.

‘दुरुस्त’ हा शब्द फारसीतल्या ‘दोरोस्त’वरून आला. अर्थ बरोबर, नीट. म्हणजे तो कृती सांगत नाही, शेवटची अवस्था सांगतो. म्हणूनच तो घड्याळालाही चालतो, छपाईच्या चुकीलाही चालतो आणि घटनादुरुस्तीलाही चालतो. इंग्रजीतही मोजा ‘मेंड’ करतात आणि कायदा ‘अमेंड’ करतात. दोन्हींच्या मुळाशी चूक काढून टाकणे या अर्थाचे एकच लॅटिन क्रियापद आहे. असा एक मोठा, सगळ्यांना पोटात घेणारा शब्द प्रत्येक भाषेत असतो आणि असावाही. अडचण होते ती त्याच्या हाताखालचे नेमके शब्द एकेक करून गळतात तेव्हा.

कापडाचे उदाहरण घेतले की गळती दिसते. कापड उसवते, विरते आणि फाटते, ही तीन वेगळी संकटे आहेत. उसवले म्हणजे शिवणीचा दोरा गेला, कापड शाबूत आहे. जुन्या टाक्यांच्या भोकांवरूनच शिवायचे, आणि दोन्ही टोकांना शाबूत शिवणीवर सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर चढवून घ्यायचे, म्हणजे उरलेला दोरा पुढे सरकत नाही. विरले म्हणजे धागे जागेवर आहेत पण झिजून पातळ झालेत. इथे भोक पडायची वाट न पाहता मागून आधाराचे कापड लावायचे. फाटले म्हणजे धागेच तुटले, तिथे रफू किंवा ठिगळ. विरलेल्या कापडावर रफू केले तर नवा धागा आजूबाजूच्या कमकुवत धाग्यांना कापत जातो आणि भोक होते त्याहून मोठे होते. हा दोष रफूचा नाही, निदानाचा. ‘फाटलंय, शिवून द्या’ एवढेच सांगितले की तिन्ही एकाच टेबलावर येऊन पडतात.

रफूतही नेमकेपणाला पर्याय नाही. धागा शक्यतो त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून किंवा शिवणीच्या पट्टीतून काढायचा, म्हणजे रंग आणि जाडी जुळते. काम भोकाच्या कडेपासून नाही तर चांगल्या कापडातून, निदान सेंटिमीटरभर बाहेरून सुरू करायचे. आधी उभे धागे भरायचे, मग आडवे, एक वर एक खाली. प्रत्येक वळणावर किंचित ढील ठेवायची. धुतल्यावर नवा धागा आटतो, आणि ढील नसेल तर जागा आवळून चुण्या पडतात. तिरप्या विणीच्या कापडावर एक वर एक खाली चालत नाही, तिथे मूळ विणीचीच पायरी उतरवावी लागते. ठिगळाचे नियम निराळे: कापड आधी धुऊन आटवून घ्यायचे, त्याचा उभा धागा मूळ कापडाच्या उभ्या धाग्याला समांतर ठेवायचा आणि कोपरे गोल कापायचे, कारण टोकदार कोपरा सगळ्यांत आधी उचकटतो.

फ्रेंचमध्ये या कामांना वेगवेगळी क्रियापदे आहेत. ‘रप्रिझे’ म्हणजे धागे भरून भोक बुजवणे, ‘रापिएसे’ म्हणजे ठिगळ लावणे, ‘रमाये’ म्हणजे विणकामातले सुटलेले फासे परत उचलणे, आणि दिसणारच नाही असे रफू करणाऱ्या कारागिराला तर स्वतंत्र नाव, ‘स्तोपर’. जपानीत अशा अदृश्य रफूला ‘काकेहागी’ म्हणतात. मराठीही यात मागे नव्हती. रफू हा फारसी शब्द आपण घेतला, पण जुन्या कोशांत त्याच अर्थाचे ‘तुणणे’ सापडते, आणि शिंप्यासाठी संस्कृतात ‘तुन्नवाय’ आहे. ‘तुणणे’ परत आणा असा आग्रह नाही. रफूने त्याचे काम नीट सांभाळले आहे. प्रश्न रफूलाच ‘शिवणे’ने गिळले तर काय, हा आहे.

धातूकामात ही गळती जास्त महागात पडते. धातू जोडण्याच्या तीन मूलतः वेगळ्या रीती आहेत. सोल्डरिंगमध्ये कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू भरतात. कथील-शिशाचे ६०-४० मिश्रण १८३ ते १९० अंश सेल्सियसला वितळते. ब्रेझिंगमध्येही भरणाचा धातूच वितळतो, पण ४५० अंशांच्या वर. वेल्डिंगमध्ये मूळ धातूच वितळवून एकजीव करतात. जर्मन भाषेत पहिल्या दोघांना ‘मऊ डाग’ आणि ‘कठीण डाग’ (डाग म्हणजे भरणाचा धातू वितळवून केलेला सांधा) म्हणावे अशी जोडीची नावे आहेत आणि त्यांची सीमा हीच, ४५० अंश. मराठीत सोनार तुटलेल्या कडीला ‘डाग देतो’, बाकी सगळे हल्ली ‘वेल्डिंग’ झाले आहे. त्याचा परिणाम असा की पातळ पितळेचे भांडे ‘वेल्डिंग करून द्या’ म्हणून दिले जाते. पितळेतले जस्त ९०७ अंशांना उकळते, म्हणजे पितळ वितळण्याच्या आसपासच. वाफ होऊन जस्त निघून जाते, जोड सच्छिद्र होतो आणि भांडे गळतच राहते. तिथे हवा होता डाग. बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, वस्तूचे उलटे: वेल्डिंग होते, पण आधी सगळी वस्तू तापवून, निकेलच्या सळईने, आणि नंतर अगदी सावकाश थंड करून. हे न सांभाळता नेहमीच्या सळईने जोडले तर टाक्याच्या शेजारीच नवी चीर उघडते, आणि ‘बीड जोडलंच जात नाही’ असा निकाल लागतो.

हत्याराच्या धारेलाही मराठीत एक शब्द पुरत नसे. पाजवणे म्हणजे दगडावर घासून धार काढणे. यात धातू थोडा झिजतो. शेवटणे म्हणजे फाळ किंवा कुऱ्हाड भट्टीत तापवून, ठोकून पाते परत काढणे. यात धातू सरकतो, आणि तापल्यामुळे कडकपणा जातो म्हणून पुन्हा पाणी द्यावे लागते. शेवटायला आलेली कुऱ्हाड नुसती पाजवत राहिले तर कडेचा कोन बोथट होत जातो आणि धार दर वेळी आधीच्यापेक्षा लवकर जाते. दोन शब्द आहेत कारण दोन कारागीर आहेत, दोन खर्च आहेत आणि दोन मुदती आहेत.

कल्हईच्या बाबतीत भाषेने आणखी बारकाई केली. कथील २३२ अंशांना वितळते. तापवलेल्या, घासून लख्ख केलेल्या भांड्यावर नवसागर टाकून ते कापसाने फिरवले की पातळ थर धरतो. या कामाला रशियन, फ्रेंच, इंग्रजी सगळ्यांत खास क्रियापदे आहेत. पण मराठीत बिघाडालाही नाव आहे. कल्हई उडालेल्या भांड्यात आंबट पदार्थ ‘कळकतो’, म्हणजे धातूशी लागून बिघडतो. ते क्रियापद ठाऊक असणाऱ्याला भांडे कधी द्यायचे हे वेगळे सांगावे लागत नाही. दुरुस्तीची अर्धी शब्दसंपत्ती अशी वापरणाऱ्याच्या तोंडची असते, कारागिराच्या नव्हे. तडा, टवका, पोचा, चीर, आटे झिजले, पीळ सुटला, खिळखिळे झाले हे सगळे शब्द म्हणजे दुकानात पाऊल टाकायच्या आधीचे निदान आहे.

आता ‘किंत्सुगी’, म्हणजे फुटलेली भांडी जोडण्याची जपानी रीत. या विषयावर बोलताना ते टाळता येत नाही, कारण भिंतीवरच्या सुविचारांनी त्याची पार वाट लावली आहे. तुटलेल्या मनाला सोन्याचा मुलामा वगैरे. प्रत्यक्षात किंत्सुगीत सोने सगळ्यांत शेवटी येते आणि जोडण्याचे काम ते करतच नाही. जोड धरते ती उरुशी, म्हणजे एका झाडाचा चीक. तुकडे चिकटवायला त्यात गव्हाचे पीठ मिसळतात, त्याला मुगी-उरुशी म्हणतात. बारीक टवके भरायला दगडाची भुकटी मिसळतात, ती साबी-उरुशी. मोठी पोकळी असेल तर लाकडाची भुकटी घालून केलेले कोकुसो. मग घासणे, काळ्या उरुशीचे थर, पुन्हा घासणे, लाल उरुशीची रेघ आणि ती ओलसर असतानाच सोन्याची पूड. उरुशी वाळत नाही, ती हवेतल्या ओलाव्यात घट्ट होते. साधारण २० ते २५ अंश आणि ७० ते ८० टक्के आर्द्रता असलेल्या पेटीत भांडे ठेवावे लागते. उन्हात ठेवून लवकर वाळवायला गेलेल्याचा जोड कच्चाच राहतो. सगळ्या पायऱ्यांना आठवडे जातात. बाजारात मिळणाऱ्या संचात इपॉक्सी आणि सोनेरी पूड असते. शोभेच्या वस्तूला ती ठीक, पण गरम खाण्यापिण्याच्या भांड्याला नाही, आणि किंत्सुगी तर ती नव्हेच. हरवलेल्या तुकड्याच्या जागी दुसऱ्याच भांड्याचा तुकडा बसवला तर त्याला ‘योबित्सुगी’ हे निराळे नाव आहे. बाहेरच्या जगाने यातला एकच शब्द उचलला, तोही रूपक म्हणून, आणि ज्या शब्दांनी भांडे जोडले जाते ते सगळे तिथेच सोडले.

चिनी कारागिरांची रीत याच्या शेजारची, पण चिकाऐवजी धातूची. चिनी मातीच्या भांड्याला चिरेच्या दोन्ही बाजूंनी हिऱ्याच्या टोकाच्या सामत्याने (छिद्र पाडायच्या हत्याराने) छिद्रे पाडायची, आरपार नाही, जाडीच्या आतच थांबायची, आणि त्यांत धातूच्या चिमट्यासारख्या कड्या ठोकून तडा आवळायचा. या कामाला ‘ज्यू’ हे स्वतंत्र क्रियापद आहे. हिऱ्याचा सामता नसेल तर चिनी मातीचे काम अंगावर घेऊ नये, ही तिथली म्हण याच धंद्यातून आली. छिद्र आरपार गेले की भांडे गळते, म्हणून म्हणीत हत्यारावर भर.

दुरुस्ती लपवायची की दाखवायची, हा या शब्दांच्या पोटातला वाद आहे, आणि तो सार्वजनिक आहे. रफू आणि काकेहागी लपवतात, किंत्सुगी आणि ज्यू दाखवतात. वास्तूंच्या बाबतीत १९६४च्या व्हेनिस सनदेने मधला मार्ग लिहून ठेवला: गेलेल्या भागाच्या जागी घातलेला भाग एकूण वास्तूशी जुळावा, पण मूळ भागापासून ओळखूही यावा. त्याआधी १८७७मध्ये विल्यम मॉरिस यांनी इंग्लंडात जुन्या वास्तूंच्या रक्षणासाठी जी संस्था काढली, तिची तक्रारही ‘रिस्टोरेशन’ या शब्दावर होती. त्या नावाखाली शतकांचे थर खरवडून नवी कल्पना उभी केली जात होती. आपला ‘जीर्णोद्धार’ हा शब्दही असाच उदार आहे. चिरा सावरणे आणि अख्खे पाडून नवे बांधणे, दोन्ही त्यात बसते. गवंड्याचा ‘दर्जा भरणे’ हा शब्द मात्र नेमका आहे. दर्जा म्हणजे दगड-विटांमधले सांधे. जुन्या चुन्याच्या भिंतीतल्या दर्जा निदान २५ मिलिमीटर किंवा सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट खोल खरवडायच्या, ओल्या करायच्या आणि चुना-वाळूच्या मसाल्याने भरायच्या, साधारण १ भाग चुना आणि ३ भाग वाळू. मसाला दगडापेक्षा किंवा विटेपेक्षा मऊच हवा. सिमेंट भरले तर ओल सांध्यातून बाहेर पडू शकत नाही, ती दगडातून वाट काढते आणि सांधा शाबूत राहून दगडाच्याच कडा ढासळतात. कंत्राटात ‘जीर्णोद्धार’ लिहिले तर हे चालून जाते. ‘चुन्याने दर्जा भरणे’ लिहिले तर नाही.

या शब्दांच्या नशिबाची एक खोड सगळीकडे दिसते. दुरुस्तीचे शब्द घसरत जाऊन शिव्या होतात. इंग्रजीत ‘बॉच’चा जुना अर्थ दुरुस्त करणे असा होता, आज तो काम बिघडवणे असा आहे. ‘टिंकर’ हा भांडी सांधणारा होता, आता तो उगाच खुडबूड करणारा. फ्रेंचमधले ‘राफिस्तोले’ कसेबसे जोडणे सांगते. मराठीत ठिगळ आणि मलमपट्टी यांचे तेच झाले. गरिबाच्या हातचे काम म्हणून शब्दाला कमीपणा आला, की शब्दाला कमीपणा आला म्हणून लोक ते काम सांगायला लाजू लागले? दोन्ही बाजूंनी ओढ असणार.

इथे एका मोहापासून सावध राहायला हवे. डच भाषेत ‘माकन’ म्हणजे बनवणे आणि दुरुस्त करणेही. स्वाहिलीत ‘तेंगेनेझा’चेही तसेच. पहिला रिपेअर कॅफे, म्हणजे लोकांनी एकत्र येऊन वस्तू दुरुस्त करण्याची जागा, २००९मध्ये अ‍ॅमस्टरडॅममध्येच सुरू झाला, तेव्हा यावरून डच मनाविषयी सिद्धान्त मांडायला कुणाचेही हात शिवशिवतील. मांडू नये. रशियन ‘रेमोन्त’ (दुरुस्ती) हा शब्द घोडदळाला नवे घोडे पुरवण्याच्या फ्रेंच शब्दावरून आला, आणि त्यावरून रशियन माणसाच्या घरदुरुस्तीबद्दल काहीही कळत नाही. शब्दाची जन्मकथा आणि शब्दाचे काम या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. इथे मुद्दा फक्त कामाचा आहे: शब्द दोन बिघाडांत फरक करतो की नाही.

खरा आक्षेप वेगळाच आहे. शब्द गेल्यामुळे काम गेले नाही, काम गेल्यामुळे शब्द गेले. नवी वस्तू स्वस्त झाली, कारागिराचा वेळ महागला, आणि कोशातल्या क्रियापदांनी त्यात काही फरक पडणार नाही. पहिला भाग मान्यच आहे. कळकणे हा शब्द स्टीलच्या भांड्यांनी संपवला, आळशी भाषिकांनी नव्हे. पण जिथे काम अजून शिल्लक आहे तिथे शब्द लगेच नवे तयार होतात, हेही पाहावे. पंखा गुणगुणतो पण फिरत नाही, हाताने ढकलला की फिरतो: कपॅसिटर गेला. फिरतो पण खरखरतो: बेअरिंग वाजते आहे. तापतो आणि जळका वास येतो: वाइंडिंग जळले, रिवाइंडिंग करावे लागेल. हे सगळे शब्द परके आहेत आणि सगळे मराठीच आहेत. त्यांना संस्कृत प्रतिशब्द घडवणे म्हणजे चालत्या भाषेला मोडता घालणे. कपॅसिटर बदलायच्या कामासाठी अख्खी मोटर बदलून घेणारा ग्राहक आणि ही तीन वाक्ये वेगवेगळी बोलू शकणारा ग्राहक, यांच्या खर्चात फरक पडतोच.

जिथे शब्द तयार झालेला नाही तिथे नुकसान दिसतही नाही. काही फोनांत अस्सल पडदा दुसऱ्या अस्सल फोनला लावला तरी सॉफ्टवेअर त्याला ओळख देत नाही आणि काही सोयी बंद पडतात. उत्पादकाने सुट्या भागाची गाठ एकाच यंत्राशी बांधून ठेवलेली असते. इंग्रजीत याला ‘पार्ट पेअरिंग’ म्हणतात आणि अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने २०२४मध्ये कायदा करून त्याला आळा घातला. ज्याला हे नाव माहीत नाही तो म्हणतो, ‘दुकानदाराने डुप्लिकेट पडदा लावला’, आणि निरपराध कारागिराशी भांडतो. यंत्राच्या पडद्यावर उमटणाऱ्या बिघाडाच्या सांकेतिक आकड्यांचेही असेच आहे. ते कंपनीच्या तंत्रज्ञाला कोणता बोर्ड काढायचा हे सांगतात. बोर्डावरचा एक सांधा सुटला आहे की बोर्ड खरोखर जळला आहे, हे ते सांगत नाहीत.

कायदा शब्द ठरवू शकतो, आणि ठरवतोही. जर्मनीचे डीआयएन ३१०५१ हे मानक देखभालीचे चार वेगळे भाग करते: निगा, तपासणी, पूर्ववत करणे आणि सुधारणा. कंत्राटात यातला कोणता शब्द लिहिला यावर कुणी काय करायचे हे ठरते. फ्रान्सने १ जानेवारी २०२१पासून काही उपकरणांवर दुरुस्तीयोग्यतेचा १०पैकी गुणांक छापणे सक्तीचे केले, आणि त्याच्या निकषांत दुरुस्तीच्या कागदपत्रांची उपलब्धता हा पहिला आहे. २०२२च्या तिथल्या एका आदेशाने तर ‘रकाँदिस्योने’ (वापरलेली वस्तू नीट करून पुन्हा विकायला ठेवलेली) हा शब्द कधी वापरता येईल हेच बांधून टाकले: वस्तूची सर्व कार्ये तपासलेली असली पाहिजेत, गरज तिथे दुरुस्ती झालेली असली पाहिजे, आणि जाहिरातीत ‘नव्यासारखे’ म्हणायला मनाई. आपल्याकडे ‘रिफर्बिश्ड’ या शब्दाखाली नुसती पुसून डब्यात घातलेली वस्तूही विकली जाऊ शकते, म्हणून हे उदाहरण महत्त्वाचे. युरोपीय संघाच्या २०२४च्या दुरुस्तीविषयक निर्देशात एक नमुना अर्ज जोडला आहे. त्यात बिघाडाचे स्वरूप आणि सुचवलेल्या दुरुस्तीचा प्रकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, किंमत किंवा कमाल किंमत आहे, आणि एकदा हा अर्ज दिला की दुरुस्ती करणाऱ्याला त्यातल्या अटी ३० दिवस बदलता येत नाहीत. अर्ज देणे मात्र ऐच्छिक ठेवले आहे, आणि तिथे निर्देश कचरला असे वाटते.

मराठीत करायचे ते याहून सोपे आहे. पावतीवर ‘दुरुस्ती केली’ हे शब्द एकटे चालू नयेत. तीन ओळी पुरेत: काय सापडले, काय केले, काय केले नाही. दुसऱ्या ओळीसाठी सहा क्रियापदे छापून ठेवावीत: साफ केले, घट्ट केले, जोडले, भरले, बदलले, पुन्हा बसवले. कारागिराने त्यांवर खूण करायची आणि भागाचे नाव लिहायचे, ते कपॅसिटर असो वा कडी, जो शब्द दुकानात चालतो तोच. वेळ जातो ही तक्रार इथे टिकत नाही. ‘दुरुस्ती केली’ लिहायला जेवढा वेळ लागतो त्याहून दोन खुणा करायला कमी लागतो.

तिसरी ओळ सगळ्यांत कामाची. ‘बेअरिंग झिजलेले आहे, बदलले नाही’ एवढे लिहिले असेल तर दोन महिन्यांनी खरखर सुरू झाल्यावर दोघांनाही माहीत असते की हा नवा बिघाड नाही. ‘जोडले’ आणि ‘बदलले’ यांची हमीही मग वेगळी ठेवता येते: बदललेल्या भागाला त्या भागाची मुदत, जोडलेल्या सांध्याला त्या सांध्यापुरती, साफ केल्याला काहीच नाही. आणि ‘बदलले’वर खूण असेल तर जुना भाग ग्राहकाच्या हातात परत द्यायचा. मागितला नाही तरी.